सीए-१२५ चं पॅकेज नको, आत्या-मावशीची नोंद हवी

मार्च महिना लागला की लॅबच्या जाहिरातींत 'खास महिलांसाठी' पॅकेजं झळकू लागतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी-१२, आणि यादीच्या शेवटी 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीए-१२५. वॉर्डातल्या आरोग्य शिबिरात हीच यादी दिसते, महिला मंडळाच्या सवलतीच्या कुपनवर दिसते, कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्येही दिसते. रक्ताच्या एका बाटलीत अंडाशयाच्या कॅन्सरचा निकाल लागेल, असा समज करून घेऊन बायका घरी जातात.

माझं म्हणणं असं आहे की, कुठलंही लक्षण नसलेल्या आणि घरात या आजाराचा इतिहास नसलेल्या बाईची ही चाचणी करणं थांबवलं पाहिजे. शिबिरांतून तर ताबडतोब. आणि ज्यांना धोका खरोखर मोठा आहे अशा बायका शोधायचं काम सार्वजनिक आरोग्य खात्याने अंगावर घेतलं पाहिजे. आज ते जवळजवळ कुणाच्याच अंगावर नाही. का, ते क्रमाने मांडतो.

मुद्दा १. आजार विरळा आहे, पण घातक आहे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ३३ हजार मृत्यू. लोकसंख्येच्या हिशेबात हा आजार दरवर्षी लाखात सहा-सात बायकांना होतो, म्हणजे तसा कमीच. पण ज्यांना होतो त्यांच्यापैकी बहुतेकींचं निदान पोटात पसरल्यावरच होतं. त्यामुळे 'लवकर पकडा' ही हाक मनाला लगेच पटते. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत तीच हाक आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत, म्हणून इथेही ती लागू असणार असं आपण गृहीत धरतो. ती लागू आहे का, हे मोजून पाहावं लागतं. ते पाहिलं गेलं आहे.

मुद्दा २. दोन लाख बायकांवर वीस वर्षं हे तपासून झालं आहे.

ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी थांबलेल्या, ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ स्त्रिया एका चाचणी-प्रयोगात सामील झाल्या. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटाची दरवर्षी सीए-१२५, आणि त्यातले चढउतार गणिताने तपासून गरज पडल्यास सोनोग्राफी. दुसऱ्या गटाची दरवर्षी योनीमार्गे सोनोग्राफी. तिसऱ्या गटाची काहीच तपासणी नाही. तपासण्या २०११ अखेरपर्यंत चालल्या आणि बायकांचा पाठपुरावा त्यानंतरही सुरू राहिला. उषा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये शेवटचा हिशेब मांडला. सीए-१२५ च्या गटातल्या ५०,६२५ पैकी २९६ बायका या आजाराने गेल्या, सोनोग्राफीच्या गटातल्या ५०,६२३ पैकी २९१, आणि काहीच तपासणी न झालेल्या १,०१,३१४ पैकी ६१९. तिन्हीकडे हजारी सहाच्या आसपास. जो किंचित फरक आकड्यांत दिसतो तो योगायोगाच्या मर्यादेतला आहे.

या प्रयोगातली एक गोष्ट नीट थांबून समजून घ्यावी, कारण आपली सगळी समजूत तिथेच अडते. सीए-१२५ च्या गटात पहिल्या टप्प्यातले कॅन्सर खरोखरच जास्त सापडले, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी जास्त. चौथ्या टप्प्यातले जवळपास एक चतुर्थांशाने कमी झाले. म्हणजे चाचणीने आपलं काम केलं आणि आजार आधी सापडला. तरीही मृत्यू कमी झाले नाहीत. जे कॅन्सर लवकर हाती लागले त्यांतले काही मुळातच संथ होते, आणि जे जीव घेणारे होते ते थोडे आधी सापडूनही शेवटी जीव घेऊनच गेले. लवकर सापडणं आणि जीव वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठलीही चाळणी दुसऱ्या गोष्टीवर जोखायची असते.

त्याआधी अमेरिकेत ७८,२१६ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला होता. त्याचा निकाल २०११ मध्ये आला. तपासणीच्या गटात या कॅन्सरने ११८ मृत्यू झाले, नेहमीच्या देखभालीच्या गटात १००. तपासणीत ३,२८५ बायकांना खोटा इशारा मिळाला. त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्या शस्त्रक्रियेतून गंभीर गुंतागुंत झाली. कॅन्सर एकीलाही नव्हता. शिबिर भरवणाऱ्या प्रत्येकाने हा १६३ चा आकडा लिहून समोर ठेवावा.

या सगळ्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंग चाचण्या वापरू नका असा इशारा काढला. तिथल्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने २०१८ मध्ये पुन्हा एकदा, लक्षणं नसलेल्या स्त्रियांची अशी तपासणी करू नये, असंच सांगितलं. आपल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची तपासणी आहे. अंडाशय त्यात नाही आणि ते योग्यच आहे.

मुद्दा ३. चाचणीचा दोष नाही, वापराचा आहे.

सीए-१२५ हे एक प्रथिन. रक्तातलं त्याचं प्रमाण ३५ च्या आत असलं तर रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. पण ते वाढायला कॅन्सरच लागतो असं नाही. पाळी चालू असताना वाढतं, गरोदरपणात वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये वाढतं. आपल्याकडे पोटाचा क्षय अजून सर्रास दिसतो. त्यात पोटात पाणी होतं, वजन उतरतं, सीए-१२५ शेकड्यांत जातं आणि बाई कॅन्सरच्या संशयाने ऑपरेशन टेबलपर्यंत पोचते. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरपैकी जवळपास निम्म्यांत हा आकडा नॉर्मलच असतो.

आता साधा हिशेब करू. पन्नाशी उलटलेल्या एक लाख बायका घ्या. पाश्चात्त्य देशांतला, आपल्याहून जास्त असलेला दर धरला तरी त्यांत आजार असलेल्या साधारण ४० असतील. चाचणी उदारपणे खूप चांगली मानू: ४० पैकी ३२ पकडते आणि निरोगी बायकांत शंभरातल्या दोघींनाच चुकून इशारा देते. शंभरात दोन ऐकायला कमी वाटतं. पण एक लाखात ते होतात सुमारे दोन हजार. एका खऱ्या रुग्णामागे साठाहून जास्त निरोगी बायका सोनोग्राफी, सीटी स्कॅन, दुसरं मत आणि काही वेळा शस्त्रक्रिया यांच्या रांगेत उभ्या राहतात. पॅकेज मात्र तिशीतल्या बायकांनाही विकलं जातं. त्या वयात आजार याहून विरळ आणि आकडा वाढवणारी इतर कारणं याहून जास्त.

'एक जरी जीव वाचला तरी काय वाईट?' असं विचारणारे मनापासून विचारतात. त्यांना उत्तर हेच की, दोन लाख बायकांच्या प्रयोगात तो वाचलेला जीव आकड्यांत दिसला नाही आणि इजा झालेल्या मात्र मोजता आल्या.

मुद्दा ४. कॅन्सरची भीती काय करवते, ते बीडने पाहिलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याची बातमी २०१९ मध्ये राज्यभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत आलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशीतल्या, चाळिशीतल्या बायका होत्या. कारणं अनेक होती: फडावर ना संडास ना पाणी, पाळीत खाडा पडला की कापली जाणारी मजुरी, मुकादमाची उचल फेडायची घाई. पण दवाखान्यात अनेकींना सांगितलं गेलेलं वाक्य एकच होतं: पिशवीला गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, जंतुसंसर्ग अशा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर सुरी चालली. जिथे अंडाशयंही काढली गेली तिथे हाडं आणि हृदय यांचं नुकसान अकाली सुरू झालं.

ज्या समाजात 'कॅन्सर होईल' एवढं म्हटलं की बाई कर्ज काढून ऑपरेशनला तयार होते, तिथे जिचे साठातले एकोणसाठ इशारे खोटे निघतात अशी चाचणी मंडप टाकून वाटणं मला फार धोक्याचं वाटतं. वाटणाऱ्याचा हेतू चांगला असला तरीही.

मुद्दा ५. जी चाळणी जीव वाचवते ती आपण करतच नाही.

याच महाराष्ट्रात जगाला उपयोगी पडलेलं काम झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रयोग झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, असं २००९ मध्ये दिसून आलं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने प्राथमिक आरोग्य सेविकांकडून फक्त व्हिनेगर लावून नजरेने तपासणी करवली. दर दोन वर्षांनी केलेल्या त्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि देशातलं चित्र काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या.

शिबिराला पैसे असतील तर ते इथे घाला. एवढंच.

मुद्दा ६. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी शोध घ्यायचा तो घराचा.

हा माझा मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडा लांबेल.

अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सगळ्या बायकांत सारखा वाटलेला नाही. ज्यांना हा आजार होतो त्यांच्यापैकी जगभरच्या अभ्यासांत साधारण सहा-सातांमागे एकीला बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातला जन्मजात बिघाड असतो. भारतातल्या काही अभ्यासांत हे प्रमाण त्याहूनही जास्त निघालं आहे. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ४४ जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होतो, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ जणींना. स्तनाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींत सत्तर टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या बायकांत अंडाशयाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका एक-दीड टक्क्याच्या आत आहे. लाखो बायकांचं रक्त गाळत बसण्यापेक्षा ही ४४ ची घरं शोधणं शहाणपणाचं.

आणि ती शोधण्याची वाट समोरच आहे. प्रत्येक रुग्ण बाई हीच त्या घराची खूण. तिची जनुकीय चाचणी केली आणि बिघाड सापडला, तर तिच्या सख्ख्या बहिणींत, मुलींत आणि मुलांतही तो असण्याची शक्यता निम्मी. घरातला नेमका बिघाड एकदा कळला की नातेवाइकांत तेवढीच एक जागा तपासायची असते, त्यामुळे त्यांची चाचणी पुष्कळ स्वस्त पडते. खुद्द रुग्णालाही फायदा होतो, कारण ओलापॅरिबसारखं औषध तिला कितपत लागू पडेल हे याच चाचणीवरून कळतं. म्हणूनच अंडाशयाच्या उपकलेच्या कॅन्सरच्या, म्हणजे सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, प्रत्येक रुग्णाला वय आणि घराण्याचा इतिहास न पाहता ही चाचणी देऊ करावी, असं आज कॅन्सरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

बिघाड असलेल्या निरोगी बाईसाठी खरा उपायही आहे. मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात, अंडाशयं आणि नळ्या काढून टाकल्या की अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी उतरतो. बीडची गोष्ट सांगून झाल्यावर ऑपरेशनची भलामण करतो आहे, हे मला ठाऊक आहे. फरक असा की इथे धोका मोजलेला आहे, बाईला समुपदेशन मिळतं, विचार करायला वर्षं मिळतात, आणि स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर पुढे हार्मोनची गोळी देता येते. 'नको' म्हणायचा हक्कही तिचाच राहतो.

मग आशाताईंनी आणि डॉक्टरांनी विचारायचं काय? आई, बहीण, मुलगी, दोन्हीकडच्या आज्या, मावशी, आत्या, मामेबहीण, चुलतबहीण, आतेबहीण: कुणाला अंडाशयाचा कॅन्सर? कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा? घरातल्या कुणा पुरुषाला स्तनाचा? काकू आणि मामी मोजायच्या नाहीत, त्यांचं रक्त वेगळं. आत्या मात्र विसरायची नाही. आपल्याकडे 'बायकांचा आजार' म्हटला की फक्त आईच्या बाजूची चौकशी होते. पण हा बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो. बापाला काही झालेलं नसतं, आत्या केव्हाच गेलेली असते, आणि तिच्या मरणाचं कारण घरात 'पोटात पाणी झालं होतं' एवढंच माहीत असतं. ते पोटातलं पाणी कशाचं होतं, हे विचारायला हवं. शिवाय लग्न झालेल्या बाईचा केसपेपर सासरच्या गावात निघतो. तिच्या माहेरी कोण कशाने गेलं हे तिथल्या डॉक्टरांना कळायचं तर तो प्रश्न छापील फॉर्मवरच असला पाहिजे.

इंग्लंडने असा नेमका शोध सुरूही केला आहे. ज्यू वंशात हा बिघाड जास्त आढळतो, म्हणून आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल तरी लाळेच्या नमुन्यावर मोफत चाचणी, असा कार्यक्रम तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने राबवला. आपल्याकडे सुरुवात एखाद्या वंशाऐवजी प्रत्येक रुग्णापासून करता येईल.

मुद्दा ७. चाचणी करा म्हणायचं तर संरक्षणही द्या.

जनुकातला दोष कळला की मुलीचं लग्न अडेल, ही भीती खोटी नाही. विम्याची भीतीही तशीच. अमेरिकेने २००८ मध्ये जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा आणि नोकरीत भेदभाव करायला कायद्याने बंदी केली. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. विमा नियामकाने २०१८ मध्ये जनुकीय आजारांच्या नावाखाली आरोग्य विम्याचे दावे नाकारू नका असं कंपन्यांना कळवलं होतं, पण परिपत्रकावर आख्ख्या घराने विसंबून राहावं ही अपेक्षा फार झाली. आपल्या खासदारांना हा प्रश्न विचारता येतो. विचारावा.

मुद्दा ८. लक्षण असेल तेव्हा मात्र एक दिवस दवडू नका.

वर जे म्हटलं ते लक्षणं नसलेल्या बाईबद्दल. ज्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं आहे, दोन घासांतच पोट भरल्यासारखं होतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, आणि हे वर्षाच्या आत सुरू होऊन महिन्यातले बारा दिवस तरी टिकतं आहे, तिची सीए-१२५ आणि सोनोग्राफी दोन्ही व्हायला हव्यात. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी, विशेषतः पन्नाशीपुढच्या बाईबाबत, आधी सीए-१२५ आणि ती वाढलेली निघाली तर सोनोग्राफी, असा क्रम सांगितला. आपल्या घरात काय होतं? पोट फुगलं की ओवा, मग हिंग, मग मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी, मग फॅमिली डॉक्टरांकडून तीच गोळी जास्त दिवसांची. बाईही म्हणते, वयामुळे असेल. पंचावन्न वर्षांच्या बाईला आयुष्यात प्रथमच 'गॅस' होत असेल तर तो गॅस समजू नये. आणि सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली तर ती जवळच्या नर्सिंग होममध्ये फोडून वा सुईने उपसून घेऊ नका. स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. पहिलं ऑपरेशन कोण करतं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मुद्दा ९. नळ्यांबद्दल थोडं.

अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे सर्वांत घातक कॅन्सर पुष्कळदा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतात, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उमगलं आहे. म्हणून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून, दुसऱ्या रास्त कारणाने पिशवी काढावी लागली तर अंडाशयं ठेवून नळ्या तेवढ्या काढण्याचा पर्याय बायकांना दिला जातो. आपल्याकडेही असं ऑपरेशन ठरलेल्या बाईला हा पर्याय समजावून सांगावा. मात्र त्यासाठी म्हणून कुणाची पिशवी काढली जाऊ नये.

मुद्दा १०. मागण्या.

महापालिका आणि जिल्हा परिषदांनी आपल्या परवानगीने किंवा पैशाने होणाऱ्या शिबिरांतून सीए-१२५ वगळावी. लॅबनी ती पॅकेजमधून काढावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अंडाशयाच्या कॅन्सरचा उपचार मंजूर होताना जनुकीय चाचणी, समुपदेशन आणि जवळच्या नातेवाइकांची चाचणी ही त्याच उपचाराचा भाग म्हणून स्पष्ट शब्दांत लिहावी. समुपदेशक मराठीत बोलणारा असावा. बाईला एकटीला भेटायला वेळ देणारा असावा.

सुरुवात कुठून करायची, तर बार्शीहून. तिथे १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. धाराशिवचा तो प्रयोग याच पट्ट्यात झाला. घरोघर जाऊन बायकांशी या विषयावर कसं बोलायचं हे इथल्या आरोग्य कार्यकर्त्यांना माहीत आहे. सोलापूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत आज उपचार घेत असलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या प्रत्येक बाईला चाचणी देऊ करावी. बिघाड निघाला तर तिच्या बहिणींना आणि लेकींना सरकारी कार्यालयातून पत्र जाऊ नये. एक चिठ्ठी त्या बाईच्याच हाती द्यावी. तिला हवं तेव्हा, हवं त्या नातेवाइकाला ती देईल. चिठ्ठीवर तिच्या आजाराचं नाव नसावं. फक्त केंद्राचा पत्ता, फोन आणि चाचणीला पैसे पडत नाहीत एवढं छापलेलं असावं.